म्हाताऱ्या ताऱ्याचा लपलेला जोडीदार क्ष-किरणांत कसा शोधावा

आयुष्याच्या उतरणीला लागलेला तांबडा राक्षसी तारा इतका झगझगतो, की शेजारचा लहान तारा त्याच्या उजेडात साफ बुडून जातो. त्यातून हे तारे सतत फुगत-आकसत असतात. त्यामुळे वर्णपटातल्या रेषा सरकल्या तरी त्या जोडीदाराने ओढल्या की स्पंदनाने हलवल्या, हे ठरवणं अवघड होतं. क्ष-किरणांत मात्र पारडं उलटतं. अशा ताऱ्याचा पृष्ठभाग जेमतेम ३००० केल्व्हिन तापमानाचा, तर क्ष-किरणांना निदान काही लाख अंशांचा वायू लागतो. राक्षसी ताऱ्याने उधळलेला वायू जोडीदारावर कोसळतो, तेव्हा तो एवढा तापू शकतो.

१. आधी चाळणी लावा. दिसला तांबडा तारा की क्ष-किरणांत शोध, असं करू नका. २००३ मध्ये सोडलेल्या गॅलेक्स दुर्बिणीने घेतलेल्या अतिनील नोंदी पाहा. थंड तारा दूर-अतिनीलमध्ये अंधारा असायला हवा; तिथे तो ठळक दिसला, तर यादीत घ्या. मिथुन राशीतला वाय जेमिनोरम असाच अतिनीलमध्ये लक्षात आला आणि पुढे क्ष-किरणांतही सापडला.

२. संग्रह उघडा. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही क्ष-किरण वेधशाळा १९९९ पासून आकाशात आहेत. त्यांची जुनी निरीक्षणं सर्वांसाठी खुली असतात, विश्लेषणाची सॉफ्टवेअरही मोफत मिळतात. ताऱ्याची स्वतःची गती हिशेबात धरून निरीक्षणाच्या दिवशीची जागा काढा आणि मगच जुळवा.

३. खोटे क्ष-किरण वेगळे काढा. नवखा माणूस हमखास इथेच फसतो. क्ष-किरणांचा सीसीडी (प्रतिमा टिपणारी चिप) दृश्य प्रकाशालाही थोडा संवेदनशील असतो. तारा फार तेजस्वी असेल, तर एकाच फ्रेममध्ये दृश्य प्रकाशाचे असंख्य कण एकाच पिक्सेलवर पडतात आणि त्यांचा साठलेला विद्युतभार एका मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणासारखा भासतो. सगळा संकेत ०.५ केईव्हीच्या (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) खालीच गोळा झाला असेल, तर आनंद आवरा. एक्सएमएमवर जाड फिल्टर लावून घेतलेलं निरीक्षण असेल, तर ते ताडून पाहा.

४. वर्णपटातून तापमान काढा. १ केईव्ही म्हणजे साधारण १ कोटी १६ लाख केल्व्हिन. आजूबाजूचा दाट वायू मृदू किरण गिळून टाकतो, म्हणून हे शोषण मॉडेलमध्ये धरलंच पाहिजे. नाहीतर तापमान आणि खरी तेजस्विता, दोन्ही चुकतात. क्ष-किरणांचे कण मोजकेच असतील तर मॉडेल जुळवायला नेहमीच्या काय-वर्ग चाचणीऐवजी मोजक्या कणांसाठीची कॅश सांख्यिकी वापरा.

५. वेळेनुसार चढउतार पाहा. काही मिनिटांत लुकलुकणारे कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण दिसले, तर वायू श्वेत बटूसारख्या (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) लहान, घट्ट वस्तूवर पडत असण्याची शक्यता वाढते. राक्षसी तारा स्वतः एवढ्या झटपट बदलू शकत नाही, कारण तो आकारानेच अवाढव्य.

तरी निकाल देण्याची घाई नको. तिमिंगल समूहातल्या मीरा या राक्षसी ताऱ्याचा जोडीदार आधीपासून माहीत होता. दोघांमधलं अंतर आकाशात सुमारे अर्धा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे चंद्रा वेधशाळेलाच कसंबसं वेगळं करता येईल इतकं. डिसेंबर २००३ मध्ये चंद्रा वेधशाळेने तिथे क्ष-किरणांचा स्फोट टिपला, आणि तो जोडीदाराकडून नव्हे, म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्याच्या बाजूने आलेला निघाला! मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. म्हणून शक्य तिथे प्रतिमेतला नेमका बिंदू तपासा.

६. काहीच दिसलं नाही तर तेही नोंदवा. काक्षी (बेटेलज्यूज) या तांबड्या ताऱ्याच्या तेजात साधारण सहा वर्षांचा एक लांब फेरा आहे. त्यावरून जोडीदाराचा संशय होता. चंद्रा वेधशाळेने पाहिलं, तर क्ष-किरण मिळालेच नाहीत. पण किती तेजस्वी स्रोत असता तर दिसलाच असता, ही वरची मर्यादा काढता आली, आणि तिच्या जोरावर वायू ओढून घेणारा श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा बाद करता आला. उरला तो कमी वस्तुमानाचा साधा तरुण तारा. तुमच्या ताऱ्यासाठीही अशी मर्यादा काढून निरीक्षणाच्या तारखेसह लिहून ठेवा.