पोकळ झाड काढण्याआधी

कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या आवारात एक म्हातारी चिंच आहे. तिच्या ढोलीत, रविवारची उपासना सुटली की, दोन मुलं आरामात बसतात. 'पोकळ झालीय, पडेल, काढून टाका,' असं पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी म्हणतंच. तुमच्याही आवारात असं झाड असेल तर करवतवाल्याला बोलावण्याआधी थोडं थांबा.

आधी घेर मोजा. जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूने खूण करायची; जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने. शिंप्याचा टेप पुरत नसेल तर सुतळी गुंडाळा आणि मग ती मोजा. सुतळी सालीला टेकलेली हवी, आवळलेली नको. मागच्या बाजूला ती हमखास घसरते, म्हणून जोडीला कुणीतरी लागतंच. नेमकी तिथेच गाठ असेल तर तिच्या खाली मोजा आणि किती उंचीवर मोजलं तेही लिहा. आमची चिंच 14 फूट 3 इंच भरली.

ही नोंद जपून ठेवा, कारण पोकळ झाडाचं वय खोडातली वलयं मोजून काढता येत नाही. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगॉल गावी चर्चच्या आवारात यू या सदाहरित, सूचिपर्णी जातीचं प्राचीन झाड आहे. 1769 मध्ये त्याचा घेर 52 फूट भरला होता. आज मधलं खोड नाहीसं होऊन तिथे वेगवेगळी झाडं असल्यासारखं दिसतं, तरी ते हिरवंगार आहे. वयाचा वाद मात्र मिटत नाही. पुरावा असलेला गाभाच गेला.

झाडाचा जीव सालीलगतच्या थरात असतो, गाभ्यात नव्हे. म्हणून ढोली बुजवू नका. आमच्याकडे कुणाच्या तरी सल्ल्याने सिमेंट भरलं होतं. फटीतून पाणी मुरलं आणि तोवर धड असलेलं लाकूडही कुजलं. ते सिमेंट बघताना अजून जीव तुटतो.

चैत्रात फांद्यांच्या टोकांपर्यंत पालवी फुटते का, ते बघा. बुंध्याशी बुरशीचे थर, नवी भेग किंवा एका बाजूने उचललेली माती दिसली तर मात्र मुलांना लांब ठेवून लगेच जाणकाराला दाखवा. 50 वर्षांपुढचं झाड 2021 पासून राज्याच्या कायद्यात प्राचीन वृक्ष धरलं जातं. ते तोडायला परवानगी लागते.

बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक आम्ही उचलले. पाचोळा तिथेच कुजू देतो. पाळकसाहेबांनी स्वतः सांगितलं, तेव्हा कुठे झाडणाऱ्या मावशींचा खराटा तिथे फिरायचा थांबला.