भंगारातून लेथचं टूल: या चुका टाळा

कुपवाड-मिरज भागातल्या भंगाराच्या दुकानात लेथच्या (धातू फिरवत कापायच्या यंत्राच्या) टुलासाठी, म्हणजे त्यात बसणाऱ्या धारेच्या तुकड्यासाठी, लागणारं पोलाद बहुधा किलोवर सापडतं. घरी केलेली टुलं फसतात ती बरेचदा घासताना नव्हे, तुकडा उचलतानाच.

गंजलेला तुकडा नुसता बघून पोलाद ओळखू येत नाही. ग्राइंडरला टेकवा आणि ठिणगी बघा. जुन्या कानशीची ठिणगी पांढरट पिवळी, फुलबाजीसारखी फुटत जाते. ते कार्बन पोलाद. हायस्पीडची, म्हणजे तापूनही कडक राहणाऱ्या मिश्र पोलादाची, ठिणगी तांबूस, मंद, मोजकी, फारशी न फुटणारी. शंका आली तर खात्रीच्या हायस्पीड बिटचा तुकडा शेजारी घासून बघा, फरक लगेच कळतो.

हायस्पीड साधारण 600 अंशांपर्यंत कडक राहतं. कानशीचं पोलाद 200-250 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. म्हणून कानशीचं टूल घासताना सारखं पाण्यात बुडवा. धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. पॉलिश पेपर मारून रंग जातो, पाणी परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून टाका. हायस्पीडला मात्र लालभडक असताना पाण्यात घालू नका, धारेला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. आणि कानशीचं टूल हायस्पीडच्या निम्म्या वेगानेच चालवा.

कानशीचे दात तसेच ठेवून टूल बांधणं ही तर हमखास चूक. दाताच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. आधी चारही बाजू सपाट करा, आणि चष्म्याशिवाय मशीन सुरूच करू नका.

मोठ्या टेपर शँक ड्रिलची (निमुळत्या दांड्याच्या ड्रिलची) शेपटी बहुतेक वेळा वेगळ्या, मऊ पोलादाची जोडलेली असते. टूल करायचं ते पुढच्या भागातून. पॉवर हॅक्सॉचं अख्खं हायस्पीड पातं पार्टिंगला (तुकडा कापून वेगळा करायला) झकास. बायमेटल (दोन धातू जोडलेलं) असेल तर हायस्पीड फक्त दातांच्या कडेला. ट्रॉलीच्या कमानपाट्याचा होल्डर (टूल धरायचा दांडा) करा, धार नको.

टूल कापण्याऐवजी घासतंय? टोक सेंटरच्या (जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, मध्यरेषेच्या) वर गेलंय किंवा पुढचा क्लिअरन्स (धारेखालचा मागे जाणारा उतार) नाही. 6 ते 8 अंश ठेवा. फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) मधोमध बारीक गुंडी उरली तर सेंटर चुकलंय, खाली पत्र्याचं पॅकिंग कमी-जास्त करा. जॉबवर लहरी उठत असतील तर आधी टूल पोस्टमध्ये (टूल आवळायच्या जागेत) आत घ्या.

कार्बाइडच्या (हायस्पीडहूनही कडक पदार्थाच्या) तुटक्या टिपा नेहमीच्या करड्या चाकावर घासत बसू नका. त्याला हिरवं चाक लागतं, आणि ती धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क.