तिथीवरून भरती-ओहोटी कशी काढायची

अलिबागला जाऊन समुद्रातला कुलाबा किल्ला ओहोटीत चालत जाऊन बघायचाय? मग कॅलेंडर उघडा आणि आजची तिथी बघा, शुद्ध असो वा वद्य, हिशोब सेमच. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, दुपारी ३ च्या आसपास भरती आणि पहाटे पण साधारण तेव्हाच, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी ९ च्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा नि पाणी चढायच्या आत परत या, फोटोच्या नादात तिकडे अडकू नका 😄

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी वर पण जास्त चढतं आणि खाली पण जास्त जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा पाणी नीट ओसरतच नाही त्यामुळे चालत जायचा प्लॅन शक्यतो टाळाच.

रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज मुंबई-अलिबाग पट्ट्याचा आहे, खाडीत आत भरती उशिरा पोचते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच, आणि पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळीदादांना विचारा.