थोडंसंच ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणं) करायचंय, मग प्रोसेसरचा कूलर कोणता घ्यायचा?

कूलर घेताना बरेच जण आधी आरजीबी म्हणजे रंगीत लाइट बघतात, मग वॉटर कूलरचा रेडिएटर २४० मिमीचा का ३६० चा, आणि प्रोसेसर वॅट किती खातो हा प्रश्न सगळ्यात शेवटी. उलटं करा. आधी वॅट, मग खोलीचं तापमान, मग कॅबिनेटमध्ये जागा किती आहे ते, एवढ्यातच निम्मे कूलर यादीतून उडतात.

उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर धरू, अजून भरपूर लोकांकडे आहे. बॉक्सवर ६५ वॅट लिहिलंय पण स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगलाच तो ७६ वॅटपर्यंत ओढतो. आणि व्होल्टेज वाढवलं की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने वाढते, फ्रिक्वेन्सी वाढल्याची त्यात वेगळी भर. समजा १.२० व्होल्टवर ४.४ गिगाहर्ट्झ चालत होता आणि तुम्ही १.३० वर नेऊन ४.६ केला, तर स्पीड वाढला जेमतेम साडेचार टक्के आणि पॉवर वाढली साधारण २३ टक्के. पीबीओ (रायझनला आपणहून जास्त पॉवर घेऊ देणारी सेटिंग) मोकळं सोडलं तर शंभर-सव्वाशे वॅट धरूनच चाला. सोबत फुकट येणारा रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि वर पंखा, हीटपाइप (उष्णता वर पंख्याकडे नेणारी तांब्याची नळी) एकही नाही, तो या कामाचा नाही, काढून ठेवा.

आता खोली. कूलर कितीही भारी असो, खोलीपेक्षा थंड तो प्रोसेसरला करू शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो. परदेशातले रिव्ह्यू बहुतेक २०-२५ डिग्रीच्या खोलीत केलेले असतात, तिथे २५ च्या खोलीत ७२ दिसलं म्हणजे खोलीच्या वर ४७. आता हेच अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात, एसी नाही, खोली ४० ला, तर झाले ८७, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. म्हणजे रिव्ह्यूत 'मस्त' वाटणारा कूलर आपल्याकडे काठावर असतो. म्हणून मी म्हणतो रिव्ह्यूतला आकडा घ्या, त्यांच्या खोलीचं तापमान वजा करा, आपल्या खोलीचं मिळवा, दोन मिनिटांचं काम आहे.

कूलरच्या बॉक्सवरचं "२२० वॅट टीडीपी" (म्हणजे इतक्या वॅटची उष्णता हा कूलर सांभाळतो असा दावा) वगैरे फार मनावर घेऊ नका, ते मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक अशी पद्धतच नाहीये.

मग घ्यायचा काय? माझ्या मते चार हीटपाइप, १२० मिमीचा एक पंखा, सिंगल टॉवर (पत्र्यांचा एकच उभा गठ्ठा), बस. डीपकूल एके४०० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ या पट्टीतले. विदर्भ-मराठवाड्यासारखा उन्हाळा असेल किंवा प्रोसेसर इंटेलच्या आय५-१२६००के सारखा असेल (तो स्टॉकलाच १५० वॅटपर्यंत जातो) तर थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई सारखा सहा हीटपाइपांचा ट्विन टॉवर घ्या. एआयओ (पंप-रेडिएटर जोडूनच येणारा) वॉटर कूलर मी यासाठी सुचवणार नाही. ५६००एक्सचे सगळे कोअर ज्या चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपवर) आहेत ती जेमतेम ८० चौरस मिमीची, करंगळीच्या नखाएवढी, सगळी उष्णता तेवढ्याशा जागेतून बाहेर येते, तिथेच अडते, त्यामुळे दुप्पट पैसे घातले म्हणून तापमान काही निम्मं होत नाही. शिवाय पंप बिघडायची भीती वेगळी, आणि स्वस्त बोर्डवर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंक नसेल तर त्याला टॉवर कूलरच्या पंख्याची मिळणारी थोडीफार हवाही जाते. उरलेल्या पैशात कॅबिनेटला पुढे दोन चांगले पंखे लावा.

जागेचं मात्र नीट मोजा. कॅबिनेटच्या स्पेसिफिकेशनमध्ये कूलरची कमाल उंची दिलेली असते, एके४०० आहे १५५ मिमी, नॉक्टुआचा एनएच-डी१५ आहे १६५, बारीक कॅबिनेटला दुसरा बसणारच नाही, बाजूची काच बंद होत नाही. उंच हीटसिंकवाली रॅम असेल तर पंखा थोडा वर सरकवावा लागतो आणि मग एकूण उंची वाढते, हे लोक विसरतात. इंटेलवाल्यांनी एलजीए १७०० सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) किट बॉक्समध्ये आहे का बघा, आधीच्या ११५१ किंवा १२०० ची भोकं ७५ मिमीवर होती, याची ७८ वर आहेत, जुनं ब्रॅकेट लागत नाही.

एएम४ (५६००एक्स बसतो ते एएमडीचं सॉकेट) वरून जुना कूलर काढताना घाई नको. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सुकून घट्ट चिकटलेली असते आणि सरळ वर ओढला की लॉक असूनही प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटं गेम चालवा, पेस्ट गरम होऊ द्या, मग शटडाऊन, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवत सोडवा, पकड सुटली की मगच उचला. नवीन बसवताना बुडाचं प्लॅस्टिक सोलायचं, मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू पूर्ण आवळून टाकू नका. पंख्याची हवा मागच्या एक्झॉस्टकडे जाईल अशी दिशा ठेवा.

बायॉसमध्ये फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती पळायचा ते) ६० डिग्रीपर्यंत सपाट ठेवा आणि स्टेप-अप टाइम (पंख्याने वेग वाढवण्याआधी थांबायचा वेळ) असेल तर दोन-तीन सेकंद द्या, कारण रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी उडी मारतं आणि पंखा उगाच ओरडत बसतो.

टेस्ट दुपारी तीनला करा, रात्री नको. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं, बाजूला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. ८५ च्या आत राहिलं तर झालं काम. ९० च्या वर जात असेल तर लगेच दुसरा कूलर शोधू नका, आधी साइड पॅनल काढून परत चालवा, पाच-सात डिग्री उतरले तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटच्या हवेचा आहे. तसं नसेल तर बायॉसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (रायझनचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) निगेटिव्ह १० पासून सुरू करून बघा, त्याच स्पीडला व्होल्टेज कमी लागतं, आणि नाहीच जमलं तर ४.६ चं ४.५ करा, गेममध्ये फरक कळणारही नाही.