आईबाबांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झालाय आणि दिवाळखोरीचा विचार येतोय? नागपुरात राहून आधी काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात बाबांचा फोन दोन दिवस लागेना म्हणून मी महालला घरी गेले, तर फोन सापडला कुठे, कणकेच्या डब्यात. कूलर घरघर चालू, बाबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले आणि डब्यातून बारीक थरथर येऊन राहिली होती. आई म्हणे, "वसुलीवाले दिवसभर फोन करतात, तुझ्या बाबांना ऐकू नको यायला म्हणून ठेवते." त्या दिवशी कळलं की दुकान बंद झाल्यावर पाच वर्षं दोघं एका कर्जातून दुसरं कर्ज फेडून राहिले होते आणि आम्हाला काही पत्ताच नाही.

तुमच्याही घरी असंच काही निघालं असेल तर हे वाचा. मी वकील नाही, पण वर्षभर कागदं घेऊन फिरलेय त्यामुळे कुठे ठेच लागते ते माहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दिवाळखोरी हा शब्दच घरात काढू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. मी काढला आणि बाबा उठून बाहेर गेले. आपल्याकडे दिवाळं निघालं म्हणजे अब्रू गेली, त्यातून इतवारीत चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला तर विचारूच नका. वकील लोक नादारी म्हणतात, तो शब्द त्यातल्या त्यात मऊ आहे. मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, बाबा, मला फक्त कागदं बघू द्या, पैशाचं मी काही विचारत नाही. तर म्हणे, "काहून, तू भरून राहिली का?" मी म्हटलं नाही, भरणार पण नाही, फक्त लिहून काढते. यावर ते जरा सैल झाले. मुलगी आपल्या संसारातून पैसे काढून देईल याचीच त्यांना जास्त भीती होती.

कागदं एका पिशवीत नसतातच हे धरून चाला. आमच्याकडे पोथीच्या कपाटात, साडीच्या बॉक्समध्ये, गादीखाली आणि काही तर न फोडलेली पाकिटं टीव्हीमागे. सगळं जमिनीवर पसरा आणि एका शंभर पानी वहीत प्रत्येक कर्जाला एक पान द्या. त्यावर कोणाकडून, किती घेतलं, किती भरलं, शेवटचा हप्ता कधी, काय गहाण आहे, जामीनदार कोण, आणि कोरे चेक किती दिलेत हे लिहायचं. चेकचं विसरू नका हो, पुढे सांगते का ते. सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो तो दोघांच्या नावाने काढा, आमच्या वहीत सहा कर्ज होती, रिपोर्टात आठ निघाली. सावकार आणि नातेवाईक मात्र सिबिलमध्ये दिसत नाहीत, ते आईच सांगेल, बाबा नाही सांगणार.

मग पानं वेगळी करा, कारण सगळं कर्ज सारखं नसतं आणि अर्ध्या लोकांची चूक इथेच होते. घर किंवा सोनं गहाण असलेलं कर्ज वेगळं ठेवा, कारण दिवाळखोरी जाहीर झाली तरी गहाण ठेवून घेणाऱ्याचा गहाणावरचा हक्क जात नाही. घर गहाण असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली (गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देते, त्या नोटिशीला लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं आणि डीआरटी आपल्या नागपुरातच आहे.

पतसंस्थेचं पान वेगळं. पतसंस्था दिवाणी दावा न करता सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेऊ शकते आणि मग थेट जप्तीला माणूस येतो, त्यामुळे तिथली नोटीस आली तर "बघू" म्हणून ठेवायची नाही, तारखेला हजर राहायचं.

सावकाराचं अजून वेगळं. विदर्भात हे किती खोलवर आहे ते काय सांगायचं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, विनापरवाना धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर ते परत मिळवायला कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो, मागच्या १५ वर्षांतलं असेल तर. परवाना आहे की नाही ते तिथेच विचारा. आमच्या सावकाराला मी फक्त परवाना नंबर विचारला, तर आठवडाभर त्याचा फोनच नाही.

उरलेली म्हणजे क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ॲपवरची कर्जं, हातउसने. दिवाळखोरीचा विचार खरा या ढिगासाठी करायचा.

आता मुद्द्यावर. यूट्यूबवर सांगतात ना की २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यात गरिबाला ३५ हजारांपर्यंतचं कर्ज माफ होतं, नवी सुरुवात वगैरे, ते पुस्तकात आहे पण साध्या माणसासाठी तो भाग लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांना लागू आहे. बाकी तुमच्या माझ्या आईवडलांसाठी अजून इंग्रजांच्या वेळचा १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९ चा वेगळा कायदा आहे, आपल्याला नाही. अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपलं सिव्हिल लाइन्स. कायदा किती जुना आहे बघा, अर्जासाठी कर्ज किती हवं तर ५०० रुपये! रकमेची अडचण कोणालाच येणार नाही.

अर्जात आम्ही कर्ज फेडू शकत नाही असं सांगून ज्यांचं देणं आहे त्या सगळ्या देणेकऱ्यांची नावं-पत्ते-रकमा, सगळी मालमत्ता किमतीसकट आणि हिशोबाच्या वह्या द्याव्या लागतात, म्हणून ती शंभर पानी वही. नुसता अर्ज टाकला म्हणून फोन थांबत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कोर्टाने नादार जाहीर केल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि मग देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुली करता येत नाही. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कर्जातून सुटकेचा अर्ज वेगळा करायचा, आपोआप काही होत नाही. मालमत्तेतून रुपयामागे ५० पैसेही निघाले नाहीत तर कोर्ट सहसा लगेच पूर्ण मोकळं करत नाही, आपल्या हातात नसलेल्या कारणाने असं झालं हे पटवून द्यावं लागतं. सुटका होईपर्यंत कोणाकडून ५० रुपयांची उधारी जरी न सांगता घेतली तरी तो गुन्हा आहे, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची वही सुद्धा बंद.

सगळं जातं असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सरकारी पेन्शन, पीएफ, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची अवजारं यावर जप्ती येत नाही. पण शहरातलं राहतं घर यात नाही! गहाण नसलेलं घर असेल आणि ते विकून किंवा वरचा मजला भाड्याने देऊन कर्ज फिटत असेल तर कोर्टाच्या वाटेला जाऊच नका, काहीही उपयोग नाही. मला विचाराल तर ज्यांच्याकडे पेन्शन किंवा मुलांचा आधार सोडून काहीच नाही आणि बिनतारण कर्ज डोंगराएवढं आहे त्यांच्यासाठीच हा रस्ता आहे. आणि हो, पेन्शनचं खातं कर्ज असलेल्या बँकेत असेल तर आधी दुसऱ्या बँकेत हलवा, नाहीतर पेन्शन जमा होताच हप्ता कापला जातो.

सगळ्यात मोठी चूक, जी आमचा दादा पुण्याहून करायला सांगत होता, ती म्हणजे घर पटकन आपल्या नावावर करून घेणं. मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने देताना स्टँप ड्युटी कमी लागते म्हणून लोकांना मोह होतो. पण असं फुकट दिल्यावर दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला आणि त्यावर नादारी जाहीर झाली तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं, आणि मालमत्ता लपवली असं दिसलं तर शिक्षाही आहे. तसंच "मामाचे तेवढे आधी देऊन टाकू, घरचा माणूस आहे" हेही नको, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप दिलेलं उलटवता येतं.

मुलांनी कर्ज फेडायची सक्ती आहे का, हे सगळे विचारतात. नाही. सही केली नसेल, म्हणजे सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर तुमच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही, वडलांच्या मागे जे वारसात मिळेल तेवढ्यापुरतंच. म्हणून एजंट दारात येऊन "तुम्ही मुलगी ना, सही करा" म्हणाला तर पेन पण हातात घ्यायचा नाही. दादा स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून बाबांचं भरणार होता, त्याला मी अक्षरशः हात जोडले, एका घरात दोन बुडते कशाला.

आता चेक. कर्ज थकलं म्हणून तुरुंग होत नाही, पण चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला होतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर पुढच्या महिन्याभरात तक्रार होते. वहीतल्या कोऱ्या चेकची यादी वकिलाला पहिल्या भेटीतच दाखवा.

वसुलीवाल्यांचं सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन चालत नाही, धमकी आणि शेजाऱ्यांत बदनामी तर नाहीच. बँकेला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, नंबर १४४४८. फोन कणकेत ठेवण्यापेक्षा कॉल रेकॉर्ड करणं बरं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून आईच्या नावावरची कर्जं तिच्या अर्जाने न्या. तिथेच लोकअदालतीचं विचारा, तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही त्यामुळे कागद नीट वाचून सही करा.

एकरकमी तडजोड होत असेल तर ती आधी करून बघा. सिबिलवर सेटल्ड असा शिक्का पडतो, पडू द्या, ७२ वर्षांच्या माणसाला आता कुठलं होम लोन घ्यायचंय. फक्त पत्र आधी, पैसे नंतर, आणि एजंटच्या फोनपेवर एक रुपया नाही. जुन्या कर्जावर "निदान ५०० तरी टाका" म्हणतात तेव्हाही थांबा, दावा करायची तीन वर्षांची मुदत संपायच्या आधी थोडी रक्कम भरली की मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते.

आमचं काय झालं तर वही तयार करून वकिलाबरोबर अर्जाचा मसुदा केला आणि त्याची प्रत तिन्ही कार्डवाल्यांना पाठवली. दोन जण महिन्याभरात मुद्दलाच्या आसपास तडजोडीला आले, तिसरा अजून नोटिशी पाठवून राहिला. पतसंस्थेचं बाकी आहे, कारण तिथे जामीनदार शेजारचे काका आहेत आणि बाबांची नादारी झाली तरी काका सुटत नाहीत. म्हणून बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून ठरवलं, दर महिन्याला पेन्शनमधून आधी काकांचा हप्ता, मग वीजबिल. तो अर्ज मात्र अजून दाखल केलेला नाही, वकिलाच्या फाईलीत आहे.