छागीचा छ, फुम्सेचा फ: तायक्वांदोपुरतं कोरियन

डिचोलीला आमचा तायक्वांदोचा वर्ग ज्या हॉलमध्ये भरतो त्यावर पत्रे आहेत. पावसाळ्यात सरांचा अर्धा आवाज त्या पत्र्यांखालीच विरतो. कोण हुकूम ओळखून हलतंय आणि कोण शेजारच्याकडे बघून, हे तेव्हा लपत नाही. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. मुलाला वर्गाला सोडता सोडता मीही दोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, घातला. बेल्टची परीक्षा जवळ आली की बाकीच्या आया गाठतात, "टीचर, हे कोरियन शब्द मुलांकडून पाठ कसे करून घ्यायचे?" हातात रोमन लिपीतली दोन पानी झेरॉक्स असते आणि मूल घोड्यावर बसल्यासारखं ती वाचत असतं. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते.

सुरुवातीला सरांना एक गोष्ट विचारून घ्या: आपला वर्ग वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीचा की आयटीएफचा? या दोन वेगळ्या आंतरराष्ट्रीय संघटना. आयटीएफ चोई होङ ही यांनी १९६६ साली काढली. वर्ल्ड तायक्वांदो १९७३ ची, आणि २००० च्या सिडनीपासून ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी जे खेळतात ते तिच्या नियमांनी. दोघांचे शब्द सगळे सारखे नाहीत. हालचालींच्या ठरलेल्या क्रमाला आम्ही फुम्से म्हणतो, त्यालाच आयटीएफवाले थुल म्हणतात. खालचा ब्लॉक आमच्याकडे आरे माक्की, त्यांच्याकडे नाजुन्दे माक्की. हे न विचारता यूट्यूबवर समोर येईल तो व्हिडिओ लावलात तर मुलाच्या डोक्यात दोन्हींची खिचडी होते. पुढचं सगळं वर्ल्ड तायक्वांदोच्या वर्गांसाठी आहे.

आता झेरॉक्स घ्या आणि प्रत्येक शब्दाशेजारी देवनागरी लिहा. हे मी मराठीच्या प्रेमापोटी सांगत नाही. रोमन अक्षर वाचणाऱ्याच्या सवयीप्रमाणे बोलतं, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रोमी कोकणीत शीत लिहिताना पहिलं अक्षर एक्स असतं. देवनागरीला कोरियनचे बरेचसे आवाज पेलतात, कारण अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्याकडे आहे, तसा तिकडेही आहे. किकला म्हणतात छागी. त्यात छत्रीचा छ आहे, चमच्याचा च नाही. फुम्सेमधला फ फुलाचा, दोन्ही ओठ मिटून सोडायचा. शाळेतली मुलं हल्ली फूलसुद्धा इंग्रजी एफने म्हणतात, तेवढं इथे चालणार नाही. तायक्वांदो हे नावसुद्धा मुळात थ च्या जवळच्या आवाजाने सुरू होतं, थेक्क्वॉन्दो असं काहीसं. पण इतकी वर्षं रुळलेलं नाव आता राहू द्या.

काही आवाजांपाशी थोडं थांबावं लागतं. कोरियनमध्ये साधा क किंवा त शब्दाच्या सुरुवातीला आला की क आणि ग, त आणि द यांच्या मधेच कुठेतरी ऐकू येतो, आणि दोन स्वरांच्या मधे आला की स्पष्ट ग किंवा द होतो. म्हणूनच स्पारिंगचा, म्हणजे दोघांच्या लढतीचा शब्द, ग्यॉरुगी, एका झेरॉक्सवर के ने लिहिलेला असतो आणि दुसऱ्यावर जी ने. दोन्ही बरोबर. मी ग, द, ज लिहिते, कारण मुलांना तेच सोपं जातं. शब्दाच्या शेवटचा क, त, प मात्र तोंडातच राहतो, बाहेर सोडायचा नाही. किहाप, म्हणजे वार करताना द्यायची आरोळी, हा शब्द म्हणताना ओठ मिटले की शब्द संपला. आपली मुलं किहाप्प करून फुंकर मारतात. ऑ हा ऑफिसातला, तोंड जरा कमी उघडून. रोमनमध्ये ई-यू असा जोडस्वर दिसला की उ म्हणा, पण ओठ गोल न करता, हसल्यासारखे ताणून. स पुढे इ आली की श होतो, म्हणून सुरू करायचा हुकूम शिजाक.

आणि ऱ्य! सावधानचा हुकूम छाऱ्यॉत. हा ऱ्य दऱ्याखोऱ्यांतला आहे, सूर्यातला नव्हे. हा फरक लिहून दाखवायची सोय आपल्या लिपीत आहे आणि ती वापरायला मिळाली याचा मला शाळेतल्या कुठल्याही शुद्धलेखनापेक्षा जास्त आनंद झाला. दोजाङ, म्हणजे सरावाचा हॉल, लिहिताना ङ सुद्धा कामी येतो. एरवी बिचारा वाङ्मयापुरताच उरला आहे.

वाङ्मयावरून आठवलं, ज्यांनी शाळेत व्यंजनसंधी रडतखडत केली त्यांना इथे त्याचं फळ मिळतं. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. कोरियनमध्ये हा नियम जसाच्या तसा चालतो. आभार मानताना लिहितात गामसा-हाप-निदा, बोलतात गामसाहाम्निदा. वंदन करा हा हुकूम लिहिताना ग्यॉङ-र्ये, पण ङ नंतरचा र उच्चारात न होतो: ग्यॉङन्ये. झेरॉक्सवर आर आहे आणि सर न का म्हणतात, हा प्रश्न मुलांना पडतोच.

आकडे दोन प्रकारचे असतात, आणि गोंधळ इथेच होतो. किका मोजायच्या त्या अस्सल कोरियन आकड्यांनी: हाना, दुल, सेत, नेत, दासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. जोरात मोजताना दासॉतचं दास आणि यॉसॉतचं यॉस होतं, ते चालतं. दहाच्या पुढे आपल्यासारखं अकरा, बारा, तेरा नवं काही नाही. यॉल-हाना, यॉल-दुल असं सरळ जोडत जायचं, थेट वीसपर्यंत, तिथे सुमुल. क्रमांक सांगायचा असेल तर चिनी मुळाचे आकडे: इल, इ, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, गु, शिप. पहिला फुम्से थेगुक इल जाङ, दुसरा इ जाङ, असं आठवा फाल जाङपर्यंत. दान (काळ्या बेल्टच्या) आणि गुप (त्याआधीच्या) या श्रेण्यांनाही हेच आकडे. मोजणीला हाना, नावाला इल, एवढं घोटवून घेतलंत तरी पुष्कळ.

आता मुख्य काम. पूर्ण नावं पाठ करू नका, सुटे भाग शिका. कोरियनची बांधणी इथे मराठीसारखीच आहे, विशेषण आधी आणि नाम नंतर. शेवटी येणारे शब्द मोजकेच: छागी म्हणजे किक, माक्की म्हणजे ब्लॉक, जिरुगी म्हणजे ठोसा, सॉगी म्हणजे उभं राहणं, स्टान्स. आधी लागणारे: आप म्हणजे पुढे, यॉप बाजूला, द्वी मागे, उंचीसाठी आरे म्हणजे खाली, मोमथोङ म्हणजे धड, ऑल्गुल म्हणजे चेहरा. जोडत जा. आप छागी समोरची किक, यॉप छागी बाजूची, द्वी छागी मागची. ऑल्गुल माक्की डोक्यावरचा ब्लॉक. फिरवून मारायची ती दोल्ल्यॉ छागी, वरून खाली आणायची ती नेऱ्यॉ छागी. माझ्या मुलाला आरे फार आवडतो. आरे माक्की म्हटलं की कुणीतरी शेजाऱ्याला दटावल्यासारखं वाटतं, त्यामुळे विसरला म्हणून जात नाही.

हे भाग सुटे पाठ करण्यापेक्षा इल जाङमध्ये बसवा. पहिल्या फुम्सेत नवशिक्याला लागणारं जवळजवळ सगळं आहे: दोन स्टान्स, आप सॉगी आणि लांब पावलाचा आप्कुबी; तिन्ही उंचीचे ब्लॉक; मोमथोङ जिरुगी आणि आप छागी. डावीकडे वळून आरे माक्की, पाऊल पुढे टाकून मोमथोङ जिरुगी, तिथून पुढे. घरी संथपणे करायचा आणि प्रत्येक हालचालीच्या आधी तिचं नाव मोठ्याने म्हणायचं. आधी, नंतर नव्हे. नंतर म्हटलं तर अंगाने केलेल्या कामाची जीभ फक्त नोंद करते. आधी म्हटलं तर शब्दानेच अंग हलतं, आणि वर्गात नेमकं तेच हवं असतं. शेवटच्या जिरुगीला किहाप. आमच्या खालच्या मजल्यावर वयस्क शेजारी आहेत, त्यामुळे घरातला किहाप दबक्या आवाजात.

हे जमलं की भूमिका बदला. मुलाने सर व्हायचं आणि आईने, बाबाने नाहीतर आजीने हुकूम पाळायचा. छाऱ्यॉत, ग्यॉङन्ये, जुन्बी म्हणजे तयार, शिजाक म्हणजे सुरू, गुमान म्हणजे थांबा, बारो म्हणजे मूळ स्थितीत या, श्वी-ऑ म्हणजे विश्रांती. द्वीरो दोरा म्हटलं की मागे वळायचं. हुकूम देणाऱ्याचे शब्द ऐकणाऱ्यापेक्षा लवकर पक्के होतात, आणि आजीला चुकीचा हुकूम दिला तर ती सोडत नाही. मधेच क्रम मोडायला सांगा. जुन्बीनंतर नेहमी शिजाकच येतं हे मुलांना माहीत असतं, म्हणून ती शब्द ऐकतच नाहीत. एकदा गुमान म्हणून बघा.

कानासाठी सरांची परवानगी घेऊन वर्गातली मोजणी मोबाइलवर रेकॉर्ड करा. पण सरांचे सर आणि त्यांचे सर सगळे इथलेच, त्यामुळे अधूनमधून कोरियन गळ्यातून निघालेला शब्दही ऐकावा. सोलच्या कुक्कीवॉनचे, म्हणजे १९७२ पासूनच्या तायक्वांदोच्या मुख्यालयाचे, फुम्सेचे व्हिडिओ आहेत. नेव्हरच्या ऑनलाइन शब्दकोशात इंग्रजी शब्द टाकला की कोरियन शब्द मिळतो आणि उच्चार ऐकता येतो. कदंबच्या बसमध्ये पणजीपर्यंत मोजणी म्हणत जाता येतं, फक्त हात आवरायचे.

मूल दहा-अकराच्या पुढचं असेल तर हांगुल शिकवाच. राजा सेजोङने १४४३ साली ती लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. आज वापरातली मूलभूत अक्षरं २४. महाप्राण करायला साध्या अक्षराला एक रेघ वाढवतात: ग ला एक रेघ जास्त दिली की ख, द ला दिली की थ. आपल्या मुलांना हे समजायला वेळ लागत नाही. दोबोकच्या पाठीवरचे तीन चौकोनी ठसे म्हणजे थे, क्वॉन, दो हे वाचता आलं की मूल त्या कपड्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. मोठ्यांनी मात्र याचा बाऊ करू नये. पहिल्या दोन-तीन परीक्षांना देवनागरी पुरते.

सरांना काय म्हणायचं? कोरियनमध्ये साबॉमनिम, साबॉम म्हणजे प्रशिक्षक आणि निम हा आदराचा प्रत्यय. आमच्याकडे सर म्हणतात, परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की साबॉमनिम. तुमच्या वर्गाची रीत असेल तसं करा.

स्पर्धेला जाणार असाल तर पंचांचे शब्द वेगळे घोटा, कारण तिथे हेल्मेट असतं आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा. छॉङ म्हणजे निळा, होङ म्हणजे लाल. आपला रंग कोणता हे मुलाने मॅटवर जाण्याआधी स्वतः म्हणून दाखवावं. गाल्ल्यॉ म्हटलं की वेगळं व्हायचं आणि हात थांबवायचे. गेसोक म्हटलं की पुन्हा सुरू. गाल्ल्यॉनंतर मारलेली किक गुण देत नाही, उलट गामजॉम आणते, म्हणजे दंड, आणि एक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात. हे दोन शब्द मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. आणि पालकांनी गॅलरीतून शिजाक ओरडू नये, ते पंचाचं काम आहे.