पहिली नदी निवडताना आधी डोह शोधा

कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी बोट, घेऊन पहिल्यांदा खळाळत्या नदीत उतरणाऱ्यांसाठी हे आहे: ग्रेड (खळाळाच्या अवघडपणाचा आकडा) दोन सोपी, तीन मध्यम, चारच्या वाटेला अजून जायचं नाही, एवढं माहीत असलेल्यांसाठी. वेट एक्झिट (उलटलेल्या बोटीतून पाण्याखाली बाहेर पडणं) न घाबरता जमते, एडीत (खडकाआडच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात) शिरता-निघता येतं, फेरी करून (प्रवाहाला तिरकं वल्हवत) पैलतीर गाठता येतं, हेही धरून चाललो आहे. रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, पक्का नसेल तरी हरकत नाही. तलावात दहापैकी आठ रोल मारणाऱ्यालाही खळाळात पहिला रोल बहुधा जमत नाही. म्हणजे पोहावं लागणार हे गृहीत धरायचं आणि पोहायला बरी अशी नदी शोधायची.

नवे लोक फसतात ते इथेच. ‘ग्रेड दोन-तीन’ हा आकडा मुख्यतः खळाळातून बोट काढणं किती अवघड हे सांगतो. उलटल्यावर माणूस आणि बोट कुठे जाऊन थांबणार, हे त्या आकड्यात नीट मावत नाही. एक हिशेब करून पाहा. प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर उलटलेला माणूस मिनिटात १२० मीटर वाहून जातो. वेट एक्झिट, वल्हं सापडणं, सोबत्याने जवळ येणं, त्याच्या बोटीला धरून काठ गाठणं, यात तीन मिनिटं सहज जातात. झाले ३६० मीटर. खळाळाखाली लांब डोह असेल तर यातलं बहुतेक अंतर संथ पाण्यात जातं आणि काही बिघडत नाही. डोह नसेल तर तोच माणूस पुढच्या खळाळात शिरतो, त्याच्या पुढच्यातही, आणि पाणी भरलेली शंभर किलोहून जड बोट त्याच्या मागून येत असते. ती बोट आणि खडक यांच्यामध्ये कधीही सापडू नका. बोट आपल्या खालच्या अंगाला हवी, वरच्या अंगाला नको.

म्हणून कुठल्याही जाणत्याला पहिला प्रश्न ‘ग्रेड किती?’ हा विचारू नका. ‘इथे उलटलो तर कुठे थांबेन?’ असं विचारा. ज्याला प्रत्येक खळाळाचं उत्तर जागा दाखवून देता येत नाही, किंवा जो ‘तू नाही रे उलटणार’ म्हणून पाठ थोपटतो, त्याच्यामागून जाऊ नका. असला उत्साही गुरू असण्यापेक्षा नसलेला परवडला.

कुंडलिका नदीचं उदाहरण घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिच्यावरचं कोलाड जवळचं, आणि मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली येत असल्यामुळे उन्हाळ्यातही सकाळी नदी वाहती असते. राफ्टवाले तिला नवशिक्यांची नदी म्हणतात, राफ्टपुरतं ते खरंही आहे. राफ्टमध्ये गाइड असतो, राफ्ट सहजी उलटत नाही, पडलेल्याला ओढून वर घेतात. कयाकमधल्या नवख्याला मात्र तिथे अरुंद पात्र, लागोपाठ खळाळ आणि काठाची झाडं भेटतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो. हाच स्ट्रेनर, आणि तो ग्रेड एकच्या पाण्यातही जीव घेतो. राफ्टच्या सोबतीवरही फार विसंबू नका. छोट्या एडीत राफ्टला थांबता येत नाही, ती पुढे निघून जाते. कुंडलिका वाईट नाही, दुसरी किंवा तिसरी नदी म्हणून उत्तम आहे.

पहिल्या नदीसाठी नेपाळमधल्या सेती नदीचा खालचा टप्पा बघा. दमौलीला पाण्यात उतरायचं, गाईघाटला त्रिशूलीच्या संगमाशी निघायचं. दोन-तीन ग्रेडचे खळाळ, मध्ये संथ पाणी, वाळूचे रुंद काठ आणि हिमालयातल्या नदीच्या मानाने कोमट पाणी. कयाक शिकवणारे तिथे नेतात ते उगाच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल धरा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा नसतो.

हृषीकेशला जायचं तर ब्रह्मपुरीपासून खाली जा. त्याच्या वरच्या शिवपुरीहून निघालात की रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स नावाचे खळाळ वाटेत येतात. गंगेला डोह भरपूर, पण पाणी प्रचंड. नवखा तिथे लाटेत कमी आणि एडीच्या कडेला जास्त उलटतो. एडीची ती रेघ ओलांडताना वेग ठेवा, ज्या प्रवाहात शिरताय त्याच्या खालच्या अंगाला बोट कलती ठेवा. वरून टिहरी-कोटेश्वर धरणांचं पाणी सुटतं, त्यामुळे पातळी दिवसभरातही हलते.

आता पातळीचं. डोह कायमचा नसतो. पाणी वाढलं की दोन खळाळ एकमेकांना जाऊन मिळतात, मधला डोह धुऊन जातो आणि डोहाची नदी अखंड खळाळाची होते. ग्रेड कुठल्या पातळीला दिली आहे हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही. आकड्यांतही घोळ होतो: आपल्याकडे धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतात, परदेशी माहिती बहुधा क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असते. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. काठावर पाण्याच्या रेषेत काडी रोवा, पंधरा मिनिटांनी बघा. काडी बुडत असेल, पाणी गढूळ होत असेल, पालापाचोळा वाहत येत असेल, तर बोट गाडीवर परत चढवा. वाद घालू नका.

घरबसल्या बरंच कळतं. उपग्रह नकाशावर दोन टोकांच्या उंचीतला फरक अंतराने भागा. किलोमीटरला ३ ते ५ मीटर उतार पहिल्या नदीला ठीक. १० च्या पुढे नको. पण सरासरी फसवते, सगळा उतार एकाच धबधब्यात असू शकतो, म्हणून पांढरे पट्टे आणि त्यांच्या खालचे गडद डोह नजरेने मोजा. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघून नदी ठरवू नका, रुंद लेन्समध्ये लाट अर्धी दिसते.

नकाशावर पात्राला आडवी सरळ रेघ दिसली तर ते निसर्गाचं काम नव्हे, बंधारा आहे असं धरून चाला. महाराष्ट्रात के.टी. (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे जागोजागी आहेत. बर्गे (खांबांमधल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतील तर पाणी खांबांमधून घुसतं आणि बोट आडवी अडकते. वरून वाहत असेल तर खालचा रोलर, म्हणजे तिथलं उलटं फिरणारं पाणी, माणसाला परत परत आत ओढतो. वरच्या बाजूने मात्र फक्त एक शांत, सपाट कड दिसते. कुठल्याही ग्रेडला, कुठल्याही पातळीला, बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागा आणि बोट खांद्यावर घेऊन चाला.

पोहताना पाय पुढे आणि वर. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायचं नाही, दगडात पाऊल अडकतं. कमीत कमी तिघं जा. आणि पहिल्या दिवशी अख्खी नदी उतरायलाच हवी असं कुणी सांगितलेलं नाही. खाली मोठा डोह असलेला एकच खळाळ निवडा, तोच दहा वेळा करा, दर वेळी बोट उचलून वर चालत या.